अर्ध्या सुतातलं पाणी

समुद्र उद्यमनगरात येतो
तो टेम्पोच्या हौद्यातून, गोणपाटात गुंडाळून.
या खेपेला आठ फुटी शाफ्ट,
आंबा घाटाच्या वळणांवर रात्रभर घरंगळलेला,
टोकाला अजून दोन शिंपले चिकटलेले.
सोबत तांडेल काशिराम सारंग, गाडी लागलेला.
"लाटेवर कदी नाय झाला, ह्या घाटात झाला,"
म्हणाला, आणि नळावर जाऊन चूळ भरली.

बाबालालमामूंनी गोणपाट सोडलं.
शाफ्टावरची गनमेटलची नळी हळूहळू फिरवली.
एका अंगाला आरसा.
दुसऱ्या अंगाला हात फिरवला
तर बोटाचं कातडं अडकावं इतकी भोकं.
गंज नव्हे, गंजाला रंग असतो.
रेती नव्हे, रेती ओरखडे काढते, लांब, एका दिशेनं.
हे म्हणजे सुईएवढी छिन्नी घेऊन
कुणी रोज रात्री उठावं, एकेक ठोका मारावा
आणि सकाळी कुणाला काही सांगू नये.

"कुणी खाल्लं?" मी विचारलं.
आयटीआयच्या पुस्तकात झीज म्हणजे घासणं.
इथं धातूला धातू शिवलाच नव्हता,
मध्ये सगळीकडून पाणी होतं, अर्ध्या सुताचं.
"पाण्यानंच," मामू म्हणाले.
"पाणी तर मऊ असतंय."
"व्हय. त्याला सवड दिली तर."

पलीकडच्या गल्लीतल्या गवळ्याकडनं
म्हशीला टोचायची सिरिंज आणवली.
सुई काढली, पाणी ओढलं, तोंडावर अंगठा दाबला,
दट्ट्या खेचला मागं.
चूल नाही, आच नाही,
माठातलं गार पाणी उकळलं.
"बघ. फाटलं पाणी."
दट्ट्या सोडला.
टक्.
कंपासपेटी मिटावी एवढासा आवाज.
"आता ह्यो टक् मिनिटाला हजारदा मोज.
दोन वर्सं मोज."

मग माझं मलाच दिसत गेलं:
शाफ्ट थरथरतो, भिंतीपासून झटकन मागं सरतो,
पाण्याला इतक्या घाईनं मागोमाग जाता येत नाही;
जिथं ते पोचत नाही तिथं बुडबुडा जन्मतो,
पोटात जवळजवळ काहीच नसलेला.
शाफ्ट परत येतो.
बुडबुडा मरताना भिंतीवर डोकं आपटतो.
रेतीच्या कणाहून बारकं मरण,
पण तिथंच, पुन्हा तिथंच.

"नळी नवी करून देतो," मामू तांडेलाला म्हणाले,
"पर थरथर कुणाची? ती आमच्या लेथवर न्हाई निघायची."
सारंग बराच वेळ फरशीवरच्या बुरात बघत राहिला.
इंजिनाचा मागचा डावा पाय.
बोल्ट गेल्याच्या गेल्या शिमग्यात तुटला,
खाली फणसाची ढलपी ठोकलीय.
"जरा कापायचा. पन चालत व्हता."
"चालतंय म्हणूनच खातंय."

चहा आला.
मापं घ्यायची वेळ झाली तसा
मायक्रोमीटर मामूंनी माझ्याकडं सरकवला.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा, कुणाकडंही.
त्यांच्या हातातल्या बशीत
चहावर बारीक बारीक वलयं उठत होती.
लेथ बंद होता.
मी वर पाहिलं नाही. शून्य तपासलं,
आकडा खडूनं पत्र्यावर लिहिला,
पुन्हा मोजला, तोच आला.

दुपारी पायरीवर तांडेल सिरिंज घेऊन बसलेला,
अंगठा दाबून, खेचून, सोडून.
टक्.
थांबून, कान जवळ नेऊन, पुन्हा
टक्.
"इंजिन मंद केला की," तो कुणालाच न बघता म्हणाला,
"फळीखाली असाच वाजायचा.
माका वाटायचा, घोळ बोलतेय.
दोनदा जाळा टाकलंय मी
ह्या आवाजावर."